फक्त वाचण्यासाठी

मकरपुऱ्यात सकाळी साडेनवाला
शेडमधला पहिला ग्राइंडर ओरडतो
तोवर माझं मशीन चालू झालेलं असतं.
आज एक जुनं भांडं आलंय कामाला,
अंकलेश्वरच्या पार्टीचा हीट एक्स्चेंजर.
चौदा वर्षं चालला, आता नळ्या बदलायच्या.
मूळ ड्रॉइंग सर्व्हरवर असेल, बघा, म्हणाले पारेखसाहेब.

होतं.
उघडायला गेले तर समोर चौकोन :
ही फाइल दुसऱ्या कुणाच्या वापरात आहे.
फक्त वाचण्यासाठी उघडू?

वाचायला काय, मी पंचांगही वाचते.
मला तिसरं नोझल चाळीस मिलिमीटर वर घ्यायचं होतं.

हितार्थला बोलावलं. सर्व्हर तोच बघतो,
वय तेवीस, एका कानात कायम ब्लूटूथ.
त्यानं लपलेल्या फाइली दाखवल्या.
ड्रॉइंगला खेटून, त्याच नावाची,
एक किलोबाइटही न भरणारी एक चिमुकली,
दाराबाहेर काढून ठेवलेल्या चपलांसारखी :
आत कुणीतरी आहे, इतकंच सांगणारी.

"ही आपोआप बनते, बेन. फाइल बंद केली की आपोआप जाते.
पण मध्येच लाइट गेली
तर राहून जाते बिचारी."

नोटपॅडमध्ये उघडली. तीन ओळी.
एम. कर्णिक.
ड्राफ्टिंग-०४.
शुक्रवार, संध्याकाळी सहा बावन्न,
आणि पुढे एक साल
ज्या साली हितार्थ चौथीत असेल.

"कोण या कर्णिकबेन? नंबर आहे का कुणाकडे?
सांगू, तुमची फाइल उघडी राहिलीय."

मी म्हटलं, बघते.

सहा बावन्न. यूपीएस तीनदा टिटकारला होता
आणि मी पर्स उचलली होती.
गुरुवारी साखरपुडा, दांडिया बाजारातून बांगड्या घ्यायच्या होत्या.
उरलेलं सोमवारी करू, म्हटलं.
मग सोमवार यायला तेरा वर्षं लागली.
कुणी अडवलं नव्हतं. कुलूप तर नव्हतंच कुठे.
मुलगा झाला, सासऱ्यांचं पथ्यपाणी निघालं,
एकेक दिवस नुसता जात राहिला,
आणि परत आले तेव्हा नवं लॉगिन मिळालं : एम. सुळे.

हितार्थ चहाला गेला तेव्हा
मीच ती चिमुकली निवडली, डिलीट दाबलं.
परवानगी नाही.
खाली बारीक अक्षरांत :
ही फाइल हटवण्यासाठी
आपल्याला एम. कर्णिक यांची परवानगी घ्यावी लागेल.

हसू आलं आधी.
मग इकडेतिकडे पाहिलं, कुणी बघतंय का.
रद्द करा आणि पुन्हा प्रयत्न करा,
दोनच बटणं होती. मी पुन्हा प्रयत्न केला.
ती ऐकेना.
तेव्हाही अशीच होती,
दुपारी हाक मारली तर मान वर करायची नाही.

जेवून आले.
"काढली, बेन," हितार्थ म्हणाला,
"मालकी माझ्याकडे घेतली अन् उडवली. एका सेकंदाचं काम."
बरं केलंस, म्हटलं.
डबा धुवायला गेले, तो दोनदा धुतला.

ड्रॉइंग उघडलं.
मध्यरेषा लाल, माझी खोड.
आकडे रेषेपासून जरा जास्तच दूर, माझीच.
आणि खालच्या वेल्डवरून निघालेला एक बाण,
त्याच्या टोकाशी टीप नाही.
काय लिहायचं होतं तिथे?
बराच वेळ बसले. आठवेना.
अशाच कागदावरून कुणीतरी भांडं बनवलं असणार,
आणि ते चौदा वर्षं गळलं नाही.

नोझल चाळीसनं वर घेतलं.
बाण राहू दिला. पारेखसाहेब विचारतील, विचारू देत.

सहा बावन्नला नाही, सव्वासहालाच
नीट सेव्ह करून, नीट बंद करून
फोल्डरमध्ये पुन्हा डोकावले :
एम. सुळेची चिमुकली गेली का.

गेली होती.
उगाच एकदा रिफ्रेश केलं.